एक रान, एक कान

नगरांच्या गोष्टी लहानपणी पुष्कळ ऐकून झाल्या आहेत, तेव्हा ही एका रानाची ऐका. या रानाला राजा होता आणि तो रीतसर निवडून आलेला होता. राजा म्हणजे एक गवा. निवडणुकीला वाघही उभा होता, पण त्याच्या सभेला जितके श्रोते येत तितके परत जात नसत, म्हणून त्याचा प्रचार काही रंगला नाही. गवा गवत खातो, त्याच्यापासून कोणाला धोका नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. गवताला मत नव्हतं.

गवेमहाराज स्वभावाने चांगले होते. दिवसभर रवंथ करत आणि कोणी काही विचारलं की मान हलवत. मान होकाराची होती की नकाराची, हे मंत्रिमंडळ नंतर बसून ठरवत असे. मंत्रिमंडळात सगळ्यांत कर्तबगार होत्या घोरपडबाई. एकदा चिकटल्या की सुटत नाहीत अशी त्यांची ख्याती असल्यामुळे खुर्चीसाठी त्यांच्याइतकं योग्य कोणी नव्हतं. त्यांच्याकडे अंडी व पिल्ले कल्याण खातं होतं. ते त्यांनी मागून घेतलं होतं. "या विषयाची मला लहानपणापासून गोडी आहे," असं त्यांनी शपथ घेताना सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

या रानाच्या मधोमध एक घळ होती. तिच्या तोंडाशी उभं राहून बोललं की आवाज मोठा होऊन साऱ्या रानात घुमायचा. मुंगी बोलली तरी हत्ती बोलल्यासारखी वाटायची, आणि मुंग्यांना ते फार आवडायचं. घळीत वटवाघळं राहत. त्यांचे मुखिया वटवाघूळशेठ मोठे सज्जन गृहस्थ. "आम्हाला काही देऊ नका," ते उलटे लटकून सांगत. "तुम्ही फक्त बोला. आम्ही ऐकतो, त्यातच आमचं पोट भरतं." फुकट ते पौष्टिक, हे तर रानातली पिल्लं डोळे उघडायच्या आधी शिकतात. उंबराला फळं धरल्याची हाळी कोणी आनंदाने दिली, की बाकीचे पोचेपर्यंत वटवाघळं जेवून हात धुऊन मोकळी झालेली असत. पण त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण सगळे हाळी देण्यात गुंतलेले होते.

वटवाघळाला दिसतं कमी, पण एकदा ऐकलेलं ते जन्मात विसरत नाही. ही गोष्ट सरकारच्या ध्यानात आली तेव्हा शेठना जांभळीचं आख्खं बन भेट म्हणून मिळालं आणि घळीच्या तोंडावर पाटी लागली: "एक रान, एक कान!"

मग रोज सकाळी घळीपाशी गर्दी होऊ लागली. कोणी काय खाल्लं, कोण कुठे झोपलं, कोण कोणाशी अबोला धरून आहे, सगळं हाळी देऊन सांगायचं. ऐकणाऱ्याला आवडलं तर त्याने मान डोलवायची. किती माना डोलल्या ते एक वटवाघूळ ओरडून सांगे, आणि तो आकडा ऐकून हाळी देणाऱ्याचा दिवस कसा जायचा ते ठरायचं. सातच माना आल्या म्हणून एका कोल्ह्याने दोन दिवस जेवण टाकलं होतं.

रानाच्या पूर्वेला खडकाळ सडा होता आणि तिथे सगुणा टिटवी आपल्या नवऱ्याबरोबर, भिवाबरोबर, राहत होती. टिटवी घरटं बांधत नाही. चार खडे बाजूला सारते, तेच घर. अंडीही खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची, जवळून गेलं तरी दिसू नयेत अशी. देवाने टिटवीची अंडी लपवायची एवढी सोय केली आणि मग टिटवीला तोंड दिलं. उघड्या माळावर कुत्रं दिसलं तरी ती ओरडते, ढग दिसला तरी ओरडते.

सगुणाला पहिलटकरणीची चार अंडी झाली त्या दिवशी तिला जमिनीवर पाय ठेववेना.

"मी जरा घळीकडे जाऊन येते," ती म्हणाली.

"कशाला?" भिवाने विचारलं.

"कशाला म्हणजे? नाना साळिंदरांच्या सुनेला शिंक आली तर त्यांनी हाळी दिली. माझी तर चार अंडी आहेत!"

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची असती. पिल्लं चालायला लागू देत, मग काय ते सांग."

"माझं कौतुक झालेलं तुम्हाला बघवतच नाही."

भिवा संसारी टिटवा होता. तो अंड्यांवर जाऊन बसला.

सगुणाने घळीच्या तोंडाशी उभं राहून गळा मोकळा केला. "मंडळी, आनंदाची बातमी! सड्यावर, पळसाच्या बुंध्यापासून पूर्वेला वीस पावलांवर, मला चार अंडी झाली आहेत हो! थोरलं तर अगदी ह्यांच्या वळणावर गेलंय!"

"चौसष्ट माना!" वटवाघूळ ओरडलं. टिटवीच्या कुळात आजवर कोणाला वीसच्या वर माना मिळाल्या नव्हत्या. सगुणा सड्यावर उडत परतली नाही, ती तरंगत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोरपडबाई आल्या. सरकारी काम असल्यामुळे त्या सरळ पळसापाशी गेल्या, पूर्वेला वळल्या आणि वीस पावलं मोजली.

"अभिनंदन, सगुणाबाई! खात्यातर्फे पाहणीला आले आहे."

सगुणा ओरडली. भिवा ओरडला. दोघांनी वरून झेपा घेतल्या, घोरपडबाईंच्या डोक्यावर चोची मारल्या. बाईंची कातडी जाड होती, त्या खात्यात ती लागतेच. "पाहणी चालू असताना आरडाओरडा करू नये," त्या शांतपणे म्हणाल्या. "सरकारी कामात अडथळा आणल्यासारखं होतं." त्यांनी एकेक अंडं उचललं, उजेडात धरून पाहिलं, "वजन योग्य" असं म्हणाल्या आणि गिळलं. चौथं त्यांनी थोडं सावकाश गिळलं, कारण ते भिवाच्या वळणावर गेलेलं होतं.

दुपारी घळीतून सरकारी हाळी घुमली. "सड्यावरील चार अंड्यांची पाहणी यशस्वीरीत्या पूर्ण झाली. अंडी उत्तम प्रतीची होती." या हाळीलाही बऱ्याच माना डोलल्या.

सगुणा पुढचे दोन दिवस त्या रिकाम्या खड्यांवरच बसून राहिली. तिला माहीत होतं की खाली काही नाही. पण छातीखालची ऊब तशीच होती आणि ती कुठे नेऊन ठेवायची हे तिला कळत नव्हतं. राग घोरपडीचा आला नाही इतका तिला स्वतःचा आला. पत्ता तिनेच दिला होता, तोही पावलं मोजून.

तक्रार करायची तर अंड्यांविषयीच्या तक्रारी कल्याण खात्याकडे जात. कुंपणच शेत खात असेल तर शेताने अर्ज कोणाकडे द्यायचा, हे नियमात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेजारीण भेटायला आली. ठकूबाई सशीण मायाळू होती, आणि तिच्या पोटात काही राहत नसे.

"काय गं बाई हे झालं!" ठकूबाईने डोळे पुसले. "मला इतकं वाईट वाटलं, मी धावत गेले अन् लगेच हाळी दिली, आमच्या सगुणाचं असं असं झालं म्हणून. बहात्तर माना डोलल्या! तुझ्या आनंदाला चौसष्टच होत्या."

"ठकूबाई, एक ऐक माझं," सगुणा म्हणाली. "तुझी पाच पिल्लं करवंदीच्या जाळीत झोपतात, हे रानात सगळ्यांना माहीत झालंय. आता तरी घळीवर जाऊ नकोस."

"मला काय होतंय? करवंदीला काटे असतात."

सगुणा नाना साळिंदरांकडे गेली. नाना म्हणाले, "करवंदीचं मला माहीत नाही. माझे स्वतःचे काटे आहेत. आणि खरं सांगू का, सरकारला ऐकायचं तर ऐकू दे. घरात माझं कोण ऐकतं?" मोराकडे गेली, तर मोर म्हणाला, "लोकांनी मला बघायचंच नाही, तर मग मी मोर कशाला झालो?" सगळ्यांनी तिची समजूत घातली, धीर दिला, आणि ती गेल्यावर घळीवर जाऊन तिची कशी समजूत घातली ते सांगितलं.

महिन्याभराने सगुणाला पुन्हा चार अंडी झाली.

या वेळी तिने चोच मिटली. टिटवीला गप्प बसवणं म्हणजे ओढ्याला थांब म्हणण्यासारखं, पण सगुणा गप्प बसली. ढग आला, ओरडली नाही. कुत्रं आलं, ओरडली नाही. भिवाला वाटलं बायको आजारी पडली. अंडी फुटायला अठ्ठावीस दिवस लागतात. अठ्ठावीस दिवस जीभ दातांखाली धरायची, एवढंच तिला करायचं होतं, आणि टिटवीला तर दातही नसतात.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला एक वटवाघूळ सड्यावर आलं. ते अदबीने म्हणालं, "सगुणाबाई, तीन दिवस झाले, आपण काही बोलला नाहीत. ठकूबाई बोलल्या. नाना दोनदा बोलले. आपली फार आठवण येते."

"कोणाला?"

"आम्हाला."

सगुणाने पाठ फिरवली. वटवाघूळ गेलं, आणि आठवड्याभराने सकाळच्या गर्दीत घोरपडबाईंची हाळी झाली. "सगुणाबाई टिटवी सध्या गप्प आहेत. टिटवी गप्प बसते ती एकाच कारणाने. खात्यातर्फे त्यांचं आगाऊ अभिनंदन! उद्यापासून सड्याची पाहणी पश्चिम टोकापासून सुरू होईल. रोज शंभर पावलं."

भिवाने डोकं पंखात घातलं. "बोललीस तर खातात, नाही बोललीस तरी खातात. आता काय करायचं?"

सगुणा विचार करत होती. तिचं चुकलं होतं ते तिला आता दिसत होतं. सगळं रान बडबडत असताना एकटी गप्प बसली, म्हणून तिचं गप्प बसणंच पत्त्यासारखं झालं. सगळेच गप्प बसले असते तर घोरपडीने कोणाकोणाकडे पाहिलं असतं? पण सगळे गप्प बसणार कसे? अंड्यांची भीती घालून झाली, पिल्लांची घालून झाली. कोणी घाबरत नव्हतं. घोरपड आली तर बघू, असं प्रत्येकाला वाटत होतं, कारण ती अजून दुसऱ्याकडेच गेलेली होती.

पाहणीच्या तिसऱ्या दिवशी सगुणा ओढ्यावर पाणी प्यायला गेली. घोरपडबाई पश्चिमेची तीनशे पावलं मागे टाकून आल्या होत्या. ओढ्याकाठी ठकूबाई आपल्या धाकट्या जावेबद्दल सांगत होती. "तिच्या हाताला चव म्हणून नाही बघ. गवत काय, खाली वाकून खायचं असतं, त्यातसुद्धा तिला..." तेवढ्यात झुडपातून जाऊ आली. ठकूबाईने जीभ अशी आवरली की सगुणाला आश्चर्य वाटलं. "ये गं ये," ठकूबाई म्हणाली, "तुझंच कौतुक चाललं होतं."

सगुणा पाणी प्यायचं विसरून तिथेच उभी राहिली. ठकूबाईला गप्प बसता येत होतं! पाच पिल्लं उघड्यावर आणणाऱ्या ठकूबाईला मंत्र्याची भीती नव्हती. तिला भीती होती जावेची.

घळीच्या उद्घाटनाला दोन दिवसांनी वर्ष पुरं होत होतं. त्या दिवशी महाराजांपुढे सोहळा व्हायचा होता. सगुणा आदल्या दिवशीच दरबारात गेली आणि पंधरा दिवसांची साठवलेली जीभ तिने एकदम सोडली.

"महाराज, आपल्या राज्यात प्रजा बोलते आणि सरकार ऐकतं. असं कुठल्या रानात आहे? पण एक वर्ष झालं, प्रजेने काय काय सांगितलं ते प्रजेलाच आठवत नाही. वटवाघूळशेठना सगळं पाठ आहे. उद्या ते सगळं पुन्हा घुमू दे, महाराज! जनतेचा आवाज, जनतेला साभार परत!"

दरबाराने टाळ्या वाजवल्या. ज्या वाक्याला यमक नसतं पण जोर असतो, त्याला टाळ्या मिळतातच.

घोरपडबाई घाईने पुढे झाल्या. "कल्पना स्तुत्य आहे. एक समिती नेमू, ती तीन पावसाळ्यांत अहवाल..."

"माझंही भाषण वाजेल?" महाराजांनी रवंथ थांबवून विचारलं.

"सगळ्यात आधी, महाराज," सगुणा म्हणाली.

महाराजांनी मान हलवली. या वेळी ती इतकी जोरात हलली की मंत्रिमंडळाला तिचा दुसरा अर्थ काढता येईना.

वर्धापनदिनी झाडून सगळं रान आलं. पिल्लांना नवे पंख, बायकांना फुलं, आंब्याची तोरणं, सगळा थाट होता. घोरपडबाईही पाहणी थांबवून आल्या. त्या सगुणाच्या अंड्यांपासून दीडशे पावलांवर पोचल्या होत्या. वटवाघूळशेठनी घसा साफ केला आणि वर्षभराचं घळीतून सोडायला सुरुवात केली.

आधी महाराजांचं भाषण झालं. "प्राणीबंधूंनो आणि भगिनींनो," एवढंच ते होतं, पण भारदस्त होतं. मग उंबर, जांभळं, पाऊस, शिंका. लोक आपापला आवाज ओळखून एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. मग शेठ आतल्या कप्प्यातलं काढू लागले. घळीपाशी कोणी नाही असं समजून लोक जे हळू बोलले होते, आणि हळू बोललं की ऐकू जात नाही असं समजून जे आपापसात बोलले होते, तेही त्यांना पाठ होतं. शेठ प्रामाणिक धंदेवाईक होते. त्यांनी काहीच गाळलं नाही.

"धाकट्या जावेचं तोंड बघितलं तरी माझं दिवसभर पोट बिघडतं," असा ठकूबाईचा आवाज डोंगराला आपटून आला. धाकटी जाऊ शेजारीच फुलं माळून बसली होती.

"उत्स्फूर्त नाच उद्या दुपारी," मोराचा आवाज आला. "आज पाच वेळा तालीम झाली. डावा पाय अजून चुकतो."

"कोणी भांडायला आलं की मी काटे फुलवतो," नाना साळिंदर म्हणत होते, "पण आतून माझं पोट असं गुडगुडतं की विचारू नका. आमच्या हिला सांगू नका." आमची ही पहिल्या रांगेत होती.

मग एक जाड, ओला, लहान मुलासारखा आवाज आला. "आई गं, मला राजा नाही व्हायचं. सगळे एकदम बोलतात आणि मला काही कळत नाही." रान एकदम शांत झालं. महाराजांनी खाली मान घातली आणि समोर नसलेलं गवत खायला लागले.

आणि त्या शांततेतच पुढचा आवाज आला, ओळखीचा, तृप्त. "शेठ, सड्यावरची चारही छान होती. बलक दाट. करवंदीतली पाच अजून लहान आहेत, अंगाने भरली की जाईन. पत्ता जपून ठेवा."

सगुणा उठून उभी राहिली आणि तिने चहूकडे पाहिलं. आता उठतील, आता सगळे उठतील असं तिला वाटलं. पण ते वाक्य कोणी ऐकलंच नव्हतं. ठकूबाई जावेला समजावत होती की ती दुसरीच जाऊ होती. मोर उत्स्फूर्त म्हणजे काय ते कोणाला तरी पटवत होता. नाना पळत होते आणि मागून नानी पळत होत्या. स्वतःच्या पोरांचा पत्ता ठकूबाईच्या कानावरून गेला आणि तिने कान झटकला. सगुणाला तिथेच रडू फुटलं, आणि टिटवी रडते की ओरडते हे कोणाला कळत नसल्यामुळे तिच्याकडेही कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी घळ ओस पडली. तिसऱ्या दिवशीही. सगळं रान चोची, सोंडा, तोंडं मिटून बसलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा रानाचा जुना धर्म वर्षभर बुडाला होता, तो पुन्हा सुरू झाला. गप्प बसणाऱ्यांची यादी करता करता वटवाघळं दमली, कारण यादीत सगळंच रान आलं.

घोरपडबाई मात्र सड्याकडे निघाल्या होत्या. त्यांना महाराजांनी परत बोलावलं. महाराज आयुष्यात पहिल्यांदा संतापले होते. "माझ्या आईशी मी काय बोलतो ते लोकांना कळता कामा नये! कायदा करा! कायदा होईपर्यंत दुसरं काही करायचं नाही!"

कायदा म्हटल्यावर मसुदा आला, मसुद्यावर चर्चा आली, चर्चेला नाश्ता आला. तेरा दिवस गेले. तेराव्या दिवशी सड्यावर चार अंडी टचकली आणि चार ठिपकेदार पिल्लं बाहेर येऊन तासाभरात चालू लागली. टिटवीच्या पिल्लाला एकच विद्या येते. आईने इशारा केला की जमिनीला चिकटून पडायचं आणि खडा व्हायचं. भिवा त्यांच्याकडे बघत राहिला. "सगळी तुझ्या वळणावर गेलीत," तो म्हणाला. "गप्प आहेत तेवढं सोडून." सगुणा इतकी हसली की तिला पुन्हा रडू आलं.

त्याच आठवड्यात कायदा झाला. त्याचं नाव होतं गुपित संरक्षण अधिनियम. लोकांनी मिरवणूक काढली. कायद्याप्रमाणे आता कोणाचंही गुपित कोणालाही ऐकता येणार नव्हतं. सरकारचं गुपित प्रजेला नाही, जावेचं जावेला नाही. मात्र गुपिताचं संरक्षण करायचं तर ते काय आहे हे सरकारला आधी कळायला हवं, हे कोणालाही पटण्यासारखं होतं. म्हणून प्रत्येकाने आपलं गुपित नोंदवायचं होतं. नोंदणी अंडी व पिल्ले कल्याण खात्याकडे दिली होती, कारण या कामाचा अनुभव त्यांनाच होता.

नोंदणीच्या दिवशी रांग ओढ्यापलीकडे गेली. नोंदणी नाही त्याला पाणवठा नाही, असं पोटकलम असल्यामुळे सगुणालाही यावं लागलं. पिल्लांना सड्यावर टाकून येणं तिच्या जिवावर आलं, म्हणून ती त्यांना घेऊनच आली. चौघं तिच्या मागे दहा पावलांवर, वाटेच्या कडेला, चार खडे होऊन पडली होती.

घोरपडबाई स्वतः अर्ज घेत होत्या. "नाव? बरं. काय लपवायचं आहे? कुठे ठेवलं आहे? कोणापासून लपवायचं? भेटीची सोयीची वेळ?" मग त्यांनी मान वर केली. "सगुणाबाई! या, या. तुमचं काय नोंदवू?"

आयुष्यभर सगुणा खरं तेच ओरडत आली होती. तिने घोरपडबाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

"माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

घोरपडबाईंचा चेहरा खुलला. असे नागरिक हल्ली मिळत नाहीत, असं त्या मोठ्याने म्हणाल्या आणि त्यांनी सगुणाला "आदर्श पारदर्शक प्रजाजन" म्हणून एक पळसाचं पान शिक्का मारून दिलं. रांगेने टाळ्या वाजवल्या.

सगुणा पान घेऊन वळली, तेव्हा मागे ठकूबाई उभी होती. तिच्या हातात भरलेला अर्ज होता. करवंदीची जाळी, पाच पिल्लं, खुणेचा दगड, सगळं स्वच्छ अक्षरात. 'कोणापासून लपवायचं' या रकान्यात तिने जावेचं नाव घातलं होतं.

"ठकूबाई, देऊ नकोस तो अर्ज!" सगुणाच्या तोंडून निघून गेलं.

"तुझं बरं आहे बाई," ठकूबाई दुखावून म्हणाली. "तुझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, आत्ताच ऐकलं मी. ज्याच्याकडे असतं, त्यालाच त्याची काळजी कळते."

सगुणाने चोच उघडली. दहा पावलांवर चार खडे श्वास रोखून पडले होते. ते दाखवल्याशिवाय ठकूबाईला पटवायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. तिने चोच मिटली आणि मिटताना तिला स्वतःची लाज वाटली.

घोरपडबाईंनी ठकूबाईचा अर्ज वाचला आणि परत केला. एक रकाना रिकामा राहिला होता, आणि अपूर्ण अर्ज स्वीकारता येत नव्हता. ठकूबाई बाजूला बसून तो भरू लागली. सकाळी ती चरायला जाते तेव्हा पिल्लं एकटी असतात, असं तिने लिहिलं आणि खाली सही केली.

"काही म्हण सगुणा, पण सुधारणा आहे," ती शाई फुंकत म्हणाली. "आधी न विचारता यायचे. आता निदान आपली सोयीची वेळ विचारतात."